अद्भुताला दाद देताना: कल्पनारम्य लघुपटांविषयी वाचकांचे प्रश्न

कल्पनारम्य लघुपटांविषयी, म्हणजे हाडामांसाचे नट आणि खऱ्या जागा कॅमेऱ्यासमोर ठेवून एखादी अशक्य गोष्ट सांगणाऱ्या छोट्या चित्रपटांविषयी, आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे दिली आहेत. ॲनिमेशनपटांविषयीची पत्रे बाजूला ठेवली आहेत. तो विषय मोठा आहे आणि त्याचे निकषही निराळे आहेत.

प्रश्न: मी नुकताच बारा-तेरा मिनिटांचा एक लघुपट पाहिला. एकट्याने राहणाऱ्या एका निवृत्त मुद्रितशोधकाच्या लाकडी कपाटाचा तिसरा खण एके सकाळी फुगून अडकतो. खटपट करून तो उघडतो, तर आत पाऊस पडत असतो. ते गृहस्थ घाईघाईने आतले मोजे आणि पत्रांचा गठ्ठा बाहेर काढतात, ओला हात सदऱ्याला पुसतात आणि खण लावून टाकतात. पुढे खालच्या मजल्यावरचे शेजारी छत गळते म्हणून तक्रार घेऊन येतात. प्लंबर येतो, भिंत ठोकून पाहतो आणि "इथून पाइपच गेलेला नाही" असे सांगून निघून जातो. पत्रे दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेली असतात, पण त्यांवरची शाई ओघळून गेलेली असते. शेवटी ते गृहस्थ कपाटासमोर खुर्ची ओढून बसतात आणि स्वतः होऊन खण उघडतात. मला हा लघुपट मनापासून आवडला. परंतु "पाऊस का पडतो ते सांगितलेच नाही, मग त्यात काय आहे?" असे मित्रांनी विचारले तेव्हा मला काही बोलता आले नाही. आवडण्याचे कारण शोधावे कसे?

उत्तर: आपण ते कारण पत्रातच लिहिले आहे, फक्त त्याला कारण म्हटलेले नाही. आपले पत्र पुन्हा वाचून पाहा. खणात पाऊस पडतो हे सांगायला आपल्याला चार शब्द पुरले. त्याउलट फुगलेला खण, मोजे, सदऱ्याला पुसलेला हात, भिंत ठोकणारा प्लंबर आणि दोरीवरचे चिमटे हे सगळे आपण बारकाईने लिहिले आहे. कल्पनारम्य चित्रपट आवडतो तो बहुधा अशा गोष्टींमुळे. अशक्य गोष्ट सुचणे तुलनेने सोपे असते. ती एकदा घडली की तिच्याभोवतीच्या साध्यासुध्या वस्तूंचे आणि माणसांचे काय होईल, याचा शेवटपर्यंत पिच्छा पुरवणे अवघड असते, आणि कल्पनाशक्तीचा खरा कस तिथे लागतो.

इंग्रजी कादंबरीकार एच. जी. वेल्स याने १९३३ साली आपल्या विज्ञानकथांच्या एकत्रित आवृत्तीला प्रस्तावना लिहिताना हाच मुद्दा मांडला होता. त्याच्या मते अद्भुतकथेत अशक्य असे एकच गृहीतक असावे, ते वाचकाच्या नेहमीच्या जगात बेमालूम मिसळावे आणि त्यानंतर सगळे काही माणसाच्या स्वभावाला धरून घडावे; कारण जिथे काहीही घडू शकते तिथे कशाचीच उत्सुकता उरत नाही. आपल्या लघुपटाला ही कसोटी लावून पाहा. त्यात अशक्य गोष्ट एकच आहे. लाकूड ओलाव्याने फुगते, शाई पाण्याने ओघळते, वरच्या घरातले पाणी खालच्या घरात झिरपते आणि प्लंबर आपल्याला ठाऊक असलेल्याच जागी दोष शोधतो, या बाकीच्या सर्व गोष्टी आपल्या रोजच्या अनुभवातल्या आहेत. पाऊस त्या खणापुरता असला तरी पाणी खणापुरते राहत नाही. दिग्दर्शकाने स्वतःला घालून घेतलेला हा नियम आहे, आणि आपण सांगता त्यावरून तो त्याने कुठेही मोडलेला नाही. शेवटच्या दृश्यात ओघळलेली अक्षरे आपोआप पुन्हा उमटली असती, किंवा खणातून फुलझाडे वर आली असती, तर ते दिसायला देखणे झाले असते, पण आधीची दहा मिनिटे त्याने वाया घालवली असती.

आता आपल्या मित्रांचा आक्षेप. "का" हा प्रश्न चुकीचा नाही. फक्त या लघुपटाने तो उलट्या बाजूने हाताळला आहे. दृश्यांचा क्रम लक्षात घ्या: आधी खण अडकतो आणि पाऊस नंतर दिसतो. म्हणजे प्रेक्षकासमोर आधी एक अगदी घरगुती कोडे ठेवले जाते, की कालपर्यंत सहज सरकणारा खण आज का अडकला, आणि पाऊस येतो तो त्या कोड्याचे उत्तर म्हणून. जी गोष्ट उत्तर म्हणून समोर येते तिच्याकडे आपण सहसा पुरावा मागत नाही. हाच पाऊस पहिल्याच चौकटीत, गंभीर संगीतासह, कोडे म्हणून दाखवला असता तर प्रेक्षकाने लगेच खुलासा मागितला असता. तो देण्यासाठी एखादा शाप किंवा एखादा शास्त्रज्ञ आणावा लागला असता, मग त्या शापाचे कारण सांगावे लागले असते, आणि बारा मिनिटे त्यातच संपली असती. मित्रांना विचारायचेच असेल, तर पाऊस आला म्हणून त्या माणसाच्या घरात काय काय बदलले, असे विचारून पाहा. त्याचे उत्तर त्यांनाही देता येईल असे वाटते.

आणखी एक गोष्ट आपण ओझरती लिहिली आहे, पण मला ती सर्वांत मोलाची वाटते. पाऊस पाहून तो माणूस डोळे विस्फारून उभा राहत नाही. आधी मोजे वाचवतो. नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचे अनुभाव, म्हणजे मनातला भाव बाहेर दाखवणाऱ्या खुणा, सांगताना विस्फारलेले डोळे, पापणी न लवता पाहणे, रोमांच आणि आनंदाश्रू यांचा उल्लेख येतो, आणि बरेचसे नवे दिग्दर्शक भरतमुनींचे नावही न घेता ही यादी तंतोतंत पाळतात: नट आ वासून पाहतो, कॅमेरा हळूहळू त्याच्या चेहऱ्याजवळ सरकतो आणि व्हायोलिन सुरू होतात. विस्मय असा नटाच्याच चेहऱ्यावर खर्च झाला की प्रेक्षकाच्या वाट्याला फारसा उरत नाही. आपल्या लघुपटात नटाने तो राखून ठेवला आणि म्हणूनच तो आपल्याला मिळाला. शेवटी खुर्ची ओढून बसण्यात त्या माणसाचा स्वतःचा विस्मय प्रथमच बाहेर येतो, तोपर्यंत आवरण्यासारखे काही उरलेले नसते म्हणून. हा विलंब ज्याने लिहिला आणि ज्याने तो अभिनयात सांभाळला, त्या दोघांचीही नावे श्रेयनामावलीत शोधून लक्षात ठेवावीत.

प्रश्न: आता संगणकावर हवे ते दाखवता येते. डोंगर उडवता येतो, माणूस पारदर्शक करता येतो. मग अशा दृश्यांचे कौतुक नेमके कशासाठी करायचे? जुन्या काळी हाताने केलेल्या करामतींचे कौतुक समजू शकते.

उत्तर: हाताने केले म्हणून श्रेष्ठ आणि संगणकाने केले म्हणून सामान्य, ही वाटणी मला मान्य नाही. पण जुन्या करामती जवळून पाहिल्या तर दाद नेमकी कशाला द्यायची हे अधिक स्पष्ट होते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

फ्रान्सचा जॉर्ज मेलिएस हा मूळचा रंगमंचावरचा जादूगार होता. रस्त्यावर चित्रीकरण चालू असताना कॅमेरा मध्येच अडकला, तो पुन्हा सुरू होईपर्यंत समोरची वाहने बदलली होती, आणि पडद्यावर पाहिले तर एका बसगाडीची शववाहिका झालेली दिसली, अशी आठवण त्याने सांगितलेली आहे. ती कितपत खरी मानावी याबद्दल इतिहासकार साशंक आहेत. जादूगार स्वतःविषयी बोलताना थोडी हातचलाखी करणारच. परंतु कॅमेरा थांबवायचा, वस्तू बदलायची आणि पुन्हा सुरू करायचा, ही युक्ती त्याने पूर्णत्वाला नेली हे निर्विवाद आहे. १८९७ मध्ये त्याने पॅरिसजवळ माँत्रई येथे काचेच्या भिंतींचा स्टुडिओ बांधला आणि १९०२ मध्ये चंद्रावरच्या स्वारीचा आपला प्रसिद्ध लघुपट तयार केला. त्यात चंद्रावरची माणसे छत्रीच्या एका फटक्यासरशी धुराचा लोट होऊन नाहीशी होतात. ते दृश्य पाहताना नाहीशा होणाऱ्या माणसाकडे न पाहता जे नाहीसे होत नाहीत त्यांच्याकडे लक्ष द्या. कॅमेरा थांबला होता तेवढा वेळ त्या नटांना हात, पाय, मान जशीच्या तशी ठेवून खिळून उभे राहावे लागले होते, आणि पुढे मेलिएसने फिल्म नेमक्या जागी कापून जोडल्यामुळे उरलीसुरली हालचालही झाकली गेली. करामत फिल्मच्या जोडात दिसते, पण ती तोलून धरली आहे ती नटांच्या शरीरांनी.

त्याच लघुपटात यान आधी चंद्राच्या चेहऱ्याच्या डोळ्यात रुतते आणि पुढच्याच दृश्यात तेच यान चंद्राच्या जमिनीवर पुन्हा उतरते. आजचा संकलक याला चूक म्हणेल. मला मात्र ही दोनदा उतरण्याची गंमत फार आवडते, कारण एकदा आपण चंद्राला चेहरा म्हणून पाहतो आणि एकदा जमीन म्हणून, आणि मेलिएसला दोहोंपैकी काहीच सोडवत नाही.

आता एक अगदी निराळे उदाहरण घेऊ. माया डेरेन आणि अलेक्झांडर हॅमिड या दांपत्याने १९४३ साली लॉस एंजेलिसमधल्या आपल्या राहत्या घरात सुमारे चौदा मिनिटांचा एक स्वप्नसदृश लघुपट केला. किल्ली, सुरी, टेलिफोनचा रिसीव्हर आणि चेहऱ्याच्या जागी आरसा असलेली एक काळ्या वस्त्रातली आकृती, एवढेच त्याचे साहित्य. त्यात एक स्त्री उठून चालू लागते आणि तिच्या काही पावलांत समुद्रकाठची वाळू, गवत, फरसबंदी आणि घरातला गालिचा असे सगळे ओलांडले जाते. यात कसलाही स्पेशल इफेक्ट नाही, फक्त संकलन आहे. प्रत्येक ठिकाणी पाऊल त्याच लयीत आणि त्याच दिशेने पडते म्हणून आपला डोळा त्या चार जागांना एकच वाट मानतो. हे करायला पैसा लागत नाही. पाऊल कुठून उचलले होते, हे दुसऱ्या जागी चित्रीकरण करताना आठवणीत असावे लागते.

संगणकनिर्मित दृश्य पाहतानाही हेच पाहावे. अशक्य वस्तूचे वजन कुठे जाणवते का? तिची सावली खऱ्या जमिनीवर पडते का, आणि खोलीतल्या दिव्यांच्या दिशेशी जुळते का? नट तिच्याकडे पाहतो तेव्हा त्याची नजर नेमक्या अंतरावर स्थिरावते, की कुणीतरी "तिकडे पाहा" म्हणाल्यावर माणूस ज्या मोघम दिशेला पाहतो तिकडे भरकटते? बिघाड मला सर्वाधिक वेळा या नजरेत दिसतो. संगणकावर ड्रॅगन उत्तम घडलेला असतो, पण नटाची नजर त्याच्या डोक्यावरून पलीकडे गेलेली असते, आणि तेवढ्याने सगळा खेळ बिघडतो. याउलट वरच्या पत्रातला पाऊस नळीने पाडलेला असो की संगणकाने, सदऱ्याला पुसलेला हात या दोहोंपैकी कशातूनच येत नाही. कुणीतरी तालमीच्या वेळी विचार केला असेल की पाऊस अशक्य असला तरी हात ओला झालाच पाहिजे. दाद त्या विचाराला द्यावी.

प्रश्न: किती मिनिटांपर्यंतच्या चित्रपटाला लघुपट म्हणावे?

उत्तर: सर्वमान्य अशी एकच मर्यादा नाही; प्रत्येक महोत्सवाचे नियम वेगळे असतात. ऑस्कर पुरस्कारांच्या नियमांनुसार श्रेयनामावली धरून ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट मानला जातो आणि चर्चेसाठी तेवढी मर्यादा पुरेशी आहे. मूकपटांच्या बाबतीत मिनिटे फार काटेकोरपणे मोजू नयेत. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत असत आणि दाखवण्याचा वेगही ठरलेला नसे, त्यामुळे एकाच चित्रपटाची लांबी वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी दिलेली आढळते.

प्रश्न: चांगली अद्भुत कल्पना लघुपटात वाया जाते असे वाटते. पात्रांशी ओळख होते न होते तोच चित्रपट संपतो. अशा कल्पनेवर पूर्ण लांबीचा चित्रपटच करायला नको का?

उत्तर: काही कल्पनांना लांबी मानवते, काहींना ती मारते. लांबी मारून टाकेल अशा कल्पनेचे उत्तम उदाहरण म्हणजे क्रिस मार्कर याचा १९६२ सालचा २८ मिनिटांचा फ्रेंच लघुपट 'ला जेते'. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या पॅरिसमध्ये जमिनीखाली राहणारी माणसे एका कैद्याला भूतकाळात पाठवतात, कारण लहानपणी विमानतळाच्या धक्क्यावर पाहिलेला एका स्त्रीचा चेहरा त्याच्या मनात घट्ट रुतलेला असतो. हा जवळजवळ सर्वच्या सर्व चित्रपट स्थिरचित्रांचा आहे. एकामागून एक छायाचित्रे आणि त्यांवर निवेदन, एवढेच. मध्येच एका क्षणी, निजलेल्या त्या स्त्रीची अशीच छायाचित्रे पाहत असताना, ती डोळे उघडते आणि पापण्या हलतात. हलती प्रतिमा सबंध चित्रपटात एवढीच. एरवी कुठल्याही चित्रपटात माणसाची पापणी लवली तर कुणी लक्षही देत नाही. इथे ती लवताच अंगावर काटा येतो, कारण त्याआधीच्या वेळात स्थिर चित्रांची सवय आपल्या अंगवळणी पडलेली असते. हीच युक्ती दोन तासांच्या चित्रपटात ताणली असती तर सवयीचे रूपांतर कंटाळ्यात झाले असते. ज्या कल्पनेत एकच नियम आणि त्याला एकच अपवाद आहे तिला एवढाच अवधी लागतो.

आपली तक्रार अगदीच अस्थानी आहे असे मात्र नाही. मोठ्या चित्रपटासाठी निर्माता मिळावा म्हणून नमुन्यादाखल केलेले लघुपट पुष्कळ असतात, आणि ते चटकन ओळखू येतात. पहिल्याच मिनिटात घनगंभीर आवाजातले निवेदन "हजारो वर्षांपूर्वी" असे सुरू होते, दोन घराण्यांची आणि तीन राज्यांची नावे कानांवर आदळतात, एक भविष्यवाणी सांगितली जाते, आणि नायिका तलवार उपसते तोच पडदा काळा होतो. यात पोशाख, रंगभूषा, छायाचित्रण सारे निगुतीने केलेले असते आणि त्याची दाद वेगळी द्यावीच. परंतु जगाचा नकाशा दाखवला म्हणजे जग उभे राहत नाही. बारा मिनिटांत जग उभे करायचे तर त्या जगातला एक दरवाजा कसा उघडतो, एवढे नीट दाखवले तरी पुरते.

पात्रांशी ओळख होत नाही हा मुद्दा मी मान्य करणार नाही. माणसावर अघटित ओढवले की त्याची ओळख भराभर होते. अशा वेळी तो काय वाचवतो, कोणाला सांगतो आणि कोणापासून लपवतो, एवढ्यावरून आपण त्याला पुरते ओळखतो.

प्रश्न: अशा लघुपटांवरच्या चर्चेत प्रत्येक गोष्ट कशाचे तरी प्रतीक असल्याचे सांगितले जाते. मला ती प्रतीके दिसत नाहीत. माझी समज कमी पडते का?

उत्तर: मुळीच नाही. बऱ्याचदा प्रतीक शोधण्याची घाई करणाऱ्यानेच चित्रपट कमी पाहिलेला असतो.

आल्बेर लामोरिस याचा १९५६ सालचा ३४ मिनिटांचा 'द रेड बलून' घ्या. पॅरिसच्या मेनिलमोंताँ भागात राहणाऱ्या एका मुलाला एक लाल फुगा सापडतो आणि तो फुगा पाळीव प्राण्यासारखा त्याच्या मागे मागे फिरू लागतो. दिग्दर्शकाचा मुलगा पास्काल यानेच त्या मुलाची भूमिका केली आहे. संवाद जवळजवळ नसलेल्या या लघुपटाला ऑस्कर मिळाले ते मूळ पटकथेसाठी, आणि पटकथा म्हणजे संवाद असे मानणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. या फुग्याला कुणी बालपण म्हटले आहे, कुणी मैत्री, कुणी आत्मा. हे सारे अर्थ निघू शकतात. पण ते निघू शकतात, याचे कारण तो आधी फुगा आहे. त्याला घेऊन बसमध्ये चढू देत नाहीत. आजी त्याला खिडकीबाहेर सोडून देते, आणि तो तिथेच खिडकीपाशी रेंगाळतो. पाऊस येतो तेव्हा मुलगा स्वतः भिजण्याची पर्वा न करता रस्त्यावरच्या अनोळखी माणसांच्या छत्रीखाली फुग्याला आसरा मागतो. पुढे द्वाड पोरे गलोलीने त्याला भोक पाडतात तेव्हा तो फट्दिशी फुटत नाही. हवा हळूहळू जाते, तुकतुकीत लाल कातडीवर सुरकुत्या पडू लागतात आणि दिग्दर्शक ते आपल्याला डोळे न वळवता पाहायला लावतो. रबराचा हा गुणधर्म त्याने हेरला नसता तर त्या मरणाला मरणाची कळा आली नसती.

म्हणून माझी सूचना अशी की प्रतीकाला दुसऱ्या फेरीत येऊ द्यावे. पहिल्या फेरीत वस्तू वस्तूच राहू द्यावी, तिचे वजन, रंग, आवाज आणि तिच्यामुळे होणारा त्रास पाहावा. त्यानंतर कुणी अर्थ सांगितलाच तर तो सगळ्या चित्रपटाला पुरतो का, हे तपासावे. पहिल्या पत्रातल्या खणातला पाऊस म्हणजे दाबून ठेवलेले दुःख, असे कुणी सहज म्हणेल. मग प्लंबर कशासाठी आहे? खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचे छत का गळते? जो अर्थ प्लंबरला आपल्यात सामावून घेऊ शकत नाही तो त्या लघुपटाला आखूड पडतो. आणि जो अर्थ त्यालाही सामावून घेतो, म्हणजे उदाहरणार्थ, एकाने झाकून ठेवलेले दुसऱ्याच्या घरात झिरपते आणि त्याला बोलावून आणलेला जाणकारही नेहमीच्याच जागी शोधत राहतो, तो ऐकण्यासारखा असतो. मात्र तो ऐकून झाल्यावरही पाऊस पाऊसच वाटला पाहिजे.

प्रश्न: परीकथा, जादू, चमत्कार हे मुलांसाठी ठीक आहे. प्रौढ प्रेक्षकाने त्यात वेळ का घालवावा?

उत्तर: अद्भुताला रसांमध्ये स्थान देऊन त्याचा स्थायीभाव विस्मय असल्याचे सांगणारे नाट्यशास्त्र काही बालवाचकांसाठी लिहिलेले नव्हते. आणि मुले तर या बाबतीत प्रौढांपेक्षा कडक असतात. नियम मोडला की ती लगेच हटकतात: "पण मघाशी तर तो उडू शकत नव्हता!" प्रौढ प्रेक्षक "चालायचेच" म्हणून सोडून देतो. त्याच्यापेक्षा त्या मुलाची रसिकता मला अधिक सजग वाटते.

प्रश्न: माझ्या एका मैत्रिणीने नऊ मिनिटांचा कल्पनारम्य लघुपट केला आहे आणि तिने माझे मत मागितले आहे. "खूप छान झालाय" याच्यापलीकडे काय सांगावे ते सुचत नाही. मला चित्रपटकलेचे शिक्षण नाही.

उत्तर: शिक्षणाची गरज नाही, फक्त तो लघुपट एकदा पाहून थांबू नका. नऊ मिनिटांचा आहे, तीनदा पाहता येईल.

पहिल्यांदा कसलीही टिपणे न काढता सलग पाहा आणि संपल्याबरोबर, पुन्हा न पाहता, काय काय आठवते ते कागदावर लिहून काढा. जे आठवत नाही त्याला नावे ठेवू नका, पण जे आठवते ते तिला नक्की सांगा, कारण आपल्या चित्रपटातले प्रेक्षकाच्या मनात नेमके काय उरले हे दिग्दर्शकाला स्वतःहून कधीच कळत नाही. त्याने चित्रीकरण आणि संकलन करताना प्रत्येक चौकट इतक्या वेळा पाहिलेली असते की त्याला सगळे सारखेच ठळक किंवा सारखेच पुसट दिसू लागते.

दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहा. गोष्ट कळते का, नटांची नजर आणि हात काय सांगतात, अशक्य गोष्ट घडते त्याच्या आधीच्या दोन-तीन शॉटमध्ये तिची पूर्वतयारी दिसते का, हे तेव्हा उघडे पडते. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून फक्त ऐका. कल्पनारम्य लघुपटात निम्मे काम ध्वनी करतो आणि त्याचे कौतुक सर्वांत कमी होते. लाकडी खणातल्या पावसाचा आवाज पत्र्यावरच्या पावसासारखा असून चालत नाही. तो कोंदट, जवळचा, लाकडाच्या पोकळीत घुमणारा असावा लागतो, आणि खण लावल्यावर तो पुरता थांबतो की बारीक चालूच राहतो, हे कुणीतरी ठरवलेले असते. चित्र थोडे डावे असले आणि ध्वनी नेमका असला तर प्रेक्षक विश्वास ठेवतो. उलट झाले तर सहसा ठेवत नाही.

मत सांगताना एखादा शॉट नेमका उचलून सांगा: अमुक ठिकाणी तिने कंदील खाली ठेवला आणि मग वर पाहिले, ते मला आवडले. "वातावरणनिर्मिती उत्तम" यासारख्या वाक्याने कुणाचेच काही भले होत नाही. त्याचप्रमाणे जिथे आपला विश्वास सुटला ती जागाही सांगा, पण ती कशी दुरुस्त करावी हे सांगायला जाऊ नका. दुरुस्ती हे तिचे काम आहे आणि तिला तिच्या मर्यादा ठाऊक आहेत. आपण फक्त "इथपर्यंत मी त्यात होते, इथे मला सेट दिसला" एवढे म्हणावे. खर्च किती आला हे सुरुवातीलाच विचारू नये. ते विचारले की पुढची सगळी स्तुती "एवढ्या पैशात एवढे केले" अशी ऐकू येते आणि काम बाजूला राहते.

अद्भुत रसाच्या अनुभावांमध्ये नाट्यशास्त्राने साधुवादाचाही, म्हणजे "वा, छान!" अशा उद्गारांचाही, समावेश केला आहे. तेव्हा दाद हा त्या अनुभवाचाच भाग समजून ती मोकळेपणाने द्यावी. आणि शक्य असेल तर मैत्रिणीखेरीज ध्वनी, कलादिग्दर्शन आणि संकलन ज्यांनी केले त्यांनाही स्वतंत्रपणे दोन ओळी लिहाव्यात, त्यांच्या कामातली एकेक गोष्ट नाव घेऊन. अशी पत्रे त्यांना फारशी येत नाहीत.